कोर्टाचं सोडून

वैशालीच्या नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर मुगाच्या वड्या घालत होते. सोमवारची सकाळ, नऊ-साडेनऊचा सुमार. हा माणूस मुळात कमी बोलणारा, त्या दिवशी तर चारच वाक्यं बोलला. "ताई, वैशाली गेली. सकाळच्या गाडीनं जायचं म्हणून उठली होती. डोक्यातली नस फुटली म्हंते डॉक्टर. या तुमी." मी "हो, येते" म्हटलं, पिठाचे हात पदराला पुसले, जिना उतरले आणि सरळ स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरपुढे जाऊन उभी राहिले. तिच्या खटल्याच्या युक्तिवादाची तारीख सतरा दिवसांवर होती. आता तारखेचं कसं होणार... पंचवीस वर्षांची मैत्रीण गेल्याचं कळल्यावर माझ्या मनात आलेला पहिला विचार हा होता. रडू नंतर आलं, ऑटोत बसल्यावर. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती, पण इतक्या आठवड्यांनी लिहायलाच बसले आहे तर खोटं कशाला लिहू.

वैशाली हे तिचं खरं नाव नाही. अशा खटल्यातल्या बाईचं नाव छापायचं नसतं, ती गेल्यावरही छापायचं नसतं, असा कायदा आहे, आणि तो बरा आहे. म्हणून या लेखात तिचं नाव नाही, फोटो नाही, गावाचं नाव नाही, शाळेचं नाही आणि माझंही नाही. बुलढाणा जिल्ह्यात मोताळा तालुक्यातलं एक गाव, एवढ्यावर वाचकांनी भागवून घ्यावं. आमच्या पट्ट्यात मात्र ती कोण हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आठवडी बाजारात ती भाजी घ्यायला उभी राहिली की बाया एकमेकींना कोपर मारायच्या, "हेच ते, सायबावर केस केली ते मास्तरीण." नाव कुणी घेत नव्हतं, त्याची गरजच नव्हती. साहेब म्हणजे आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. शंभरेक एकर जमीन, दोन-तीन शाळा आणि मुंबईपर्यंत ओळखी. मी त्यांच्या शाळेत तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले. वैशाली माझ्यानंतर काही वर्षांनी लागली. पहिलीचा वर्ग तिच्याकडे, दुसरीचा माझ्याकडे, मधे एक कुडाची भिंत.

सेवापुस्तकावर, कुठल्या प्रस्तावावर अध्यक्षांची सही लागली की ती घ्यायला संस्थेच्या कार्यालयात नाही, त्यांच्या बंगल्यावर जायची पद्धत होती. आणि आम्हा बायांची त्यात एक आणखी पद्धत होती, बंगल्यावर जोडीनं जायचं. का, हे कुणी बोलायचं नाही. नवी मास्तरीण लागली की जुनी तिला पहिल्याच आठवड्यात सांगायची, "सही घ्याची असली तं मले सांगजो, सोबत जाऊ." बस, एवढंच. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ना, ते आम्ही सगळ्या मिळून वर्षानुवर्षं करत होतो आणि त्याला शहाणपण समजत होतो. आठ वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी माझ्यापुढे परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा होता. वैशाली दारात येऊन म्हणाली, "ताई, चाल्ता का?" मी मान वर न करता म्हटलं, "जाय ना वो, दहा मिन्टाचं तं काम आहे."

चार दिवसांनी तिनं मला सांगितलं. शाळेच्या मागं हातपंप आहे, तिथं. सगळं ऐकून मी तिला काय विचारलं असेल? "अजून कोणाले सांगितलं तं नाई ना?" हे माझ्या तोंडून गेलेलं वाक्य आहे, आणि ते मी चांगल्या मनानं म्हटलं होतं, हीच तर पंचाईत.  ती म्हणाली, "नाई. पण सांगन." अकराव्या दिवशी नवऱ्याला घेऊन ती पोलीस ठाण्यात गेली. तिथून तिसऱ्या दिवशी पेपरात आलं, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या स्टाफरूममध्ये एक निवेदन फिरलं. अध्यक्षसाहेब निष्कलंक चारित्र्याचे आहेत, संस्थेला बदनाम करण्याचा हा डाव आहे, खाली सगळ्यांच्या सह्या. मी त्या दिवशी रजा टाकली. सही केली नाही, पण करत नाही असंही कुणाला म्हणाले नाही. वैशालीनं मला याबद्दल कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

लोक काय बोलले ते वाचकांना सांगायला नको. अकरा दिवस काऊन थांबली, एवढ्या मोठ्या माणसाच्या नादी काऊन लागली, तिच्या समाजाच्या पुढाऱ्यांनी पढवलं असन. ती बौद्ध, आम्ही कुणबी, साहेब आमच्यातले. माझ्या दिरानं मला जेवताना सांगितलं, "वहिनी, तुमच्या बाईले समजावा. पान्यात राहून माशासंग वैर नाई जमत." तिच्या बाजूनं सुरुवातीला मोर्चा निघाला, घोषणा झाल्या. सहा महिन्यांनी त्याच मोर्चातला एकजण घरी येऊन तिच्या नवऱ्याला म्हणाला, मिटवून घ्या, तुमच्या पोरीचं लग्न व्हायचं आहे. पोरगी तेव्हा दहा वर्षांची होती.

बोलणं तरी ऐकू येतं, त्याला उत्तर देता येतं. आमच्याकडे लग्नाकार्याचं आवतण तीन प्रकारचं असतं. सगळ्यात मानाचं ते चूलबंद, म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी जेवायला यायचं. मग घरटी दोघं, आणि शेवटी घरटी एक. वैशालीच्या घरी अख्ख्या गावाचं चूलबंद असायचं, कारण गावातली निम्मी पोरं तिच्या हाताखाली अक्षर शिकलेली. तक्रारीनंतर ते घरटी दोघांवर आलं, वर्षभरात घरटी एकावर. आणि तो एक म्हणजे तिचा नवरा, हे आवतण देणाऱ्याच्या तोंडावरच दिसायचं. कुणी तिला येऊ नको म्हटलं नाही. एकदा मला हसत म्हणाली, "ताई, आता लगनसराईत बी माह्या घरचा गॅस वाचत नाई." बोलायची अशी तिची रीत होती. आपण हसावं की गप्प बसावं तेच कळायचं नाही.

मग बदली. संस्थेची एक शाखा पार तिकडं मेहकर तालुक्यात, डोणगावच्या पुढं. सकाळी निघालं की राजूरचा घाट चढून बुलढाणा, तिथून पुढं दोन गाड्या बदलून दुपारी पोचायचं. रोजचं जाणं-येणं शक्यच नव्हतं. तिनं तिकडं एक खोली घेतली. शनिवारी संध्याकाळी यायची, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. पोरीचं दहा ते अठरा हे वय तिनं असं शनिवार-रविवारी पाहिलं, आणि त्या रविवारातलेही दोन तास माझ्याकडे जायचे. का, ते सांगते, कारण या लेखात माझी अशी जर काही कबुली असेल तर ती हीच आहे.

खटला उभा राहायला वेळ लागत होता. साहेबांचे वकील कधी हा अर्ज द्यायचे, कधी तो. वैशालीला मदत करणाऱ्या एक तरुण वकीलबाई होत्या, त्यांनी सुरुवातीलाच बजावून ठेवलं होतं, "मॅडम, साक्ष होईल तेव्हा तुमच्या जबाबात आणि साक्षीत फरक पडता कामा नये. उलटतपासणीत नेमकं तेच शोधतात." आता आम्ही दोघी प्राथमिकच्या बाया. फरक पडता कामा नये म्हटलं की आम्हाला जगात एकच उपाय माहीत, पाठांतर. पाढे, कविता, बाराखडी, सगळ्याला आम्ही तोच उपाय केला होता. तिच्या जबाबाची झेरॉक्स माझ्याकडे असायची. रविवारी चार वाजता ती माझ्या बैठकीत पलंगावर बसायची, मी समोर खुर्चीत, कागद मांडीवर, हातात पेन. आणि ती सुरू करायची, "...वार बुधवार रोजी दुपारी पावणेतीनच्या सुमारास मी सेवापुस्तकावर सही घेण्याकरिता बंगल्यावर गेली असता..." ही भाषा तिची नव्हती, ठाण्यातल्या लिहून घेणाऱ्याची होती. "मले" म्हणणारी बाई "मला" म्हणायची, "विरोध केला असता" म्हणायची. "पंखा चालू नव्हता" असं तिच्या तोंडून आलं की मी थांबवायचे, "पंखा बंद होता." ती मान हलवायची, पुन्हा मागच्या वाक्यापासून धरायची. सुरुवातीला मधेच तिचा आवाज जायचा, मी पाणी द्यायचे. वर्षभरानं आवाज जाणं थांबलं. मला वाटलं, चला, बाई घट्ट झाली.

अशी साडेसहा वर्षं. माणसाच्या अंगावर आलेला सगळ्यात वाईट पाऊण तास त्याला विसरता यावा म्हणून देवानं, निसर्गानं, कुणी म्हणा, काहीतरी सोय केलेली असते. आम्ही दर आठवड्याला बसून ती सोय मोडत होतो. एकदा ती म्हणाली होती, "ताई, बाकीचं सारं इसरून राह्यली मी. पोरीच्या शाळेत काय सांगितलं ते इसरते, गॅसवर दूध इसरते. एवढं एकच पक्कं आहे." मी म्हटलं, "साक्ष होऊ दे, मंग हेबी इसरजो." तिनं हे अगदी मनावर घेतलं होतं. साक्षीनंतर विसरायचं, असं ठरवूनच ठेवलं होतं तिनं, लोक निवृत्तीनंतर तीर्थाला जायचं ठरवतात तसं.

साक्ष मागच्या वर्षी झाली. अशा खटल्यात कोर्टाची दारं लावून घेतात, मी बाहेर बाकड्यावर होते. दोन दिवस चाललं. दुसऱ्या दिवशी ती बाहेर आली तेव्हा चालताना भिंतीला हात लावत होती. आत काय झालं ते तिनं मला परतीच्या गाडीत, घाट उतरताना सांगितलं. साहेबांच्या वकिलांनी तिला सगळं पुन्हा सांगायला लावलं होतं. ती सांगत होती आणि ते हातातल्या जबाबाच्या प्रतीवर बोट फिरवत होते. ती थांबल्यावर म्हणाले, बाई, वा... सात वर्षं झाली आणि एक कानामात्रा इकडची तिकडं नाही. घडलेली गोष्ट माणूस अशी सांगतो का? हे तुम्हाला कुणी शिकवलं? आणि वैशालीनं, जिनं आयुष्यात पोरांना खरं बोला म्हणून सांगितलं, तिनं खरं ते सांगितलं. "कुणी शिकवलं नाई. पण आमच्या ताई दर रविवारी पाठ म्हणून घेत होत्या."

वकिलांना तेवढंच पाहिजे होतं. ते लिहून घेतलं गेलं.

गाडीत बाजूला एक माणूस सोयाबीनच्या पोत्यावर हात ठेवून झोपला होता. मी खिडकीतून बाहेर बघत बसले, कारण तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती. फरक पडला असता, दोन-चार गोष्टी पुढंमागं झाल्या असत्या, ती तिच्या वऱ्हाडीत अडखळत, रडत बोलली असती, तर कदाचित... पण मी तिला अडखळू दिलंच नव्हतं. सगळं तांबड्या पेनानं दुरुस्त करून ठेवलं होतं. वैशालीनं माझ्या हातावर हात ठेवला. "जाऊ द्या ताई. तुमी काही वाईट केलं थोडंच? झालं एकदाचं. आता मले इसरू द्या." वकीलबाई नंतर म्हणाल्या, इतकं मनावर घेऊ नका, खटला एका वाक्यावर उभा नसतो. म्हणाल्या खऱ्या, पण "पाठ करा असं मी कधी म्हटलं होतं?" हेही त्यांनी एकदा विचारलं. त्यांनी म्हटलं नव्हतंच.

त्यानंतरही ती रविवारी यायची. सवयच झाली होती. आम्ही शेंगा फोडत बसायचो, फार बोलत नसू. बोलायचं काय तेच आठवत नव्हतं. आणि ती खरंच विसरायला लागली होती. डिसेंबरातला एक रविवार, आमची शेवटची भेट. चहा पिता पिता ती एकदम थांबली, डोळे बारीक केले, म्हणाली, "ताई, थो वार कोनता होता वो? मंगळवार व्हता का?" आणि स्वतःशीच हसली. इतकी मोकळी हसली की तिच्या वरच्या दाताची फट कितीतरी वर्षांनी मला दिसली. "पाहा बरं, मले आठवतच नाई!" पोराला पहिल्यांदा सायकल चालवता आली की तोंडावर येतो तो आनंद होता. आणि मी... तीस वर्षं चुका दुरुस्त करण्यात गेलेली बाई मी, कप खाली ठेवायच्या आत माझ्या तोंडून गेलं, "बुधवार."

तिनं मान हलवली. रविवारी चार वाजता हलवायची तशीच. "हाव. बुधवार," म्हणाली, चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि गेली. त्यानंतरचे दोन रविवार ती आली नाही. मी फोन केला नाही, म्हटलं थंडी आहे, थकली असेल, येईल. तिसराही रविवार तसाच गेला, आणि सोमवारी तिच्या नवऱ्याचा फोन आला.

तिच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. गावातली बरीच मंडळी आली होती, नको तीसुद्धा. जिवंतपणी घरटी एकाला बोलावणारे मेल्यावर चूलबंद येऊन बसले होते. वंदना झाली, मग भाषणं. ती मशाल होती, ती वाघीण होती, तिच्या लढ्यानं जिल्ह्याला दिशा दिली. मी तिच्या फोटोकडे बघत होते. वाघीण कसली, सोमवारची गाडी चुकू नये म्हणून उशाला घड्याळ घेऊन झोपणारी बाई ती. मग कुणीतरी माझं नाव पुकारलं, "त्यांच्या जुन्या सहकारी दोन शब्द बोलतील." मी उभी राहिले. तोंड उघडलं आणि जिभेवर जे आलं ते "वार बुधवार रोजी दुपारी पावणेतीनच्या सुमारास" हे आलं. दुसरं काहीच येईना. तिथंच ओठ दाबून धरले, हात जोडले आणि खाली बसले. लोकांना वाटलं, बाईला भरून आलं.

युक्तिवाद आता झाला आहे. तिची साक्ष आधीच झालेली असल्यामुळे खटला तिच्याविना चालतो, असं वकीलबाईंनी समजावलं. निकाल यायचा आहे. काय येईल ते येवो. मला आता कुठल्याच निकालाची उमेद वाटत नाही आणि फारशी भीतीही वाटत नाही. थकलेल्या माणसाला जे वाटतं तेच वाटतं, की लवकर व्हावं.

तिची मुलगी बुलढाण्याला नर्सिंगला आहे. कार्यक्रमाच्या दिवशी जेवणं उरकून माणसं पांगल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. मागच्या दारी दुपारचं ऊन आलेलं, पुढ्यात खरकट्या ताटांची रास. म्हणाली, "मावशी, एक सांगा ना. कोर्टाचं सोडून सांगा. मले आई नुसती कोर्टाचीच आठवते. आधीची आई कशी होती, ते मी लहान होती तं ध्यानातच नाई. तुमाले तं माहीत असन."

मला माहीत असायलाच हवं होतं. त्या सगळ्याच्या आधी सतरा वर्षं आम्ही एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे शिकवलं, एका डब्यात जेवलो. मी शोधायला लागले. तिला कुठली भाजी आवडायची... कुठला रंग... जे काही हाताला लागे ते बैठकीतल्या पलंगावरचं, त्या रविवारांचं. एका बाईचा पाऊण तास मला शब्द न शब्द पाठ होता आणि तिची बाकीची सगळी वर्षं कुठंतरी गेली होती. हे साहेबांनी केलं, गावानं केलं, तसं थोडं मीही केलं. पोरगी वाट बघत होती. ती ताटं एकात एक घालत राहिली.

शेवटी माझ्या तोंडून निघालं, "तुही माय शिट्टी वाजवायची."

"कोन? आई?"

"हाव. दोन बोटं तोंडात घालून. शाळेची घंटा चोरीला गेलती, तं नवी येईपर्यंत थेच वाजवायची. मंग नवी घंटा आली तरी पोट्टे घंटेले आयकत नव्हते, तिच्या शिट्टीवरच येत." बोलता बोलता मला ती दिसायला लागली, शाळेच्या ओट्यावर, पदर खोचलेला, गाल फुगलेले. हेडमास्तर म्हणायचे, बाईमाणसाला शोभत नाही. ती म्हणायची, मंग तुमी वाजवा. आणि हेही आठवलं की केस झाल्यावर मीच तिला म्हटलं होतं, शिट्टी बंद कर बरं आता, उद्या तो वकील कोर्टात काय म्हणेल. तिनं बंद केली. हेसुद्धा मी पोरीला सांगितलं, लपवलं नाही.

पोरीनं ओढणीला बोटं पुसली, दोन बोटं तोंडात घातली आणि फुंकलं. नुसती हवा आली. पुन्हा फुंकलं, हवाच. तिचे कान लाल झाले. "मावशी, कशी वाजवते, तुमाले येते का?" मला येत नाही. मी कधी शिकलेच नाही, वैशाली असताना गरजच पडली नव्हती. तिनं तिसऱ्यांदा फुंकलं, थुंकी उडाली आणि ती हसली. वरच्या दाताची फट तिलाही आहे, मी आजवर पाहिली नव्हती.

"लय जोरात वाजे का आईची?"

"नाल्याच्या पलीकडं पोट्टे खेळत राहात," मी म्हटलं, "थे तिथून पळत येत."